ड्राय की वेट: तुमच्या बोक्यापुरतं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोका साडेतीन वर्षांचा, नसबंदी झालेली, वजन ५.८ किलो, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि बाहेर अजिबात जात नाही. लहानपणापासून फक्त ड्राय फूड, म्हणजे पिशवीतले कोरडे दाणे, बाऊल दिवसभर भरलेला, पाणी फारसं पिताना दिसत नाही. पेट शॉपवाला म्हणतो ड्रायच द्या, दात साफ राहतात. मैत्रीण म्हणते ड्राय म्हणजे विष, आजच बंद कर. आणि सासूबाईंचं म्हणणं की आमच्या वाड्यातली मांजरं दूध-पोळीवर पंधरा वर्षं जगली, कसलं पाकीट घेऊन बसलात. तर ऐकायचं कुणाचं?

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि तिघंही पुरते चुकलेत. मी पुण्यात २२ वर्षं प्राण्यांची प्रॅक्टिस करतोय, पहिली काही वर्षं मुख्यतः कुत्रीच यायची, आता निम्म्याहून जास्त मांजरं येतात, आणि हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा तरी येतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल: तुमच्या बोक्याला निम्म्याहून जास्त वेट, म्हणजे पाऊच किंवा डब्यातलं ओलं खाणं, आणि थोडं मोजून ड्राय. त्याच्या बाबतीत खरा घोळ ड्रायचा नाहीये, तो भरलेल्या बाऊलचा आहे आणि न प्यालेल्या पाण्याचा आहे.

पाण्यापासून सुरू करू कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. आपलं घरातलं मांजर आलंय ते पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या भागातल्या रानमांजरापासून, फेलिस लिबिका म्हणतात त्याला. त्या प्राण्याला पाणवठा रोज मिळेलच असं नाही, तो पाणी खायचा असं म्हणा ना, कारण उंदराच्या अंगात साधारण ७० टक्के पाणीच असतं. त्यामुळे मूत्रपिंडं अशी घडली की लघवी खूप घट्ट करून पाणी वाचवायचं, आणि तहान लागायची यंत्रणा मात्र आळशी राहिली. कुत्रा उन्हातून आला की अर्धं भांडं पाणी संपवतो, मांजर तसं करत नाही.

आता हिशोब बघा. ४ किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून २०० मिली पाणी लागतं असं धरा, किलोला ५० मिली हा आमचा ढोबळ आकडा. ड्राय फूडमध्ये ओलावा ६ ते १० टक्के. म्हणजे दिवसाचं ५० ग्राम ड्राय खाल्लं तर त्यातून पाणी मिळालं चार-पाच मिली, एक चमचा. बाकीचं सगळं त्याने वाटीतून लपलप करून प्यायचं. आणि त्याऐवजी ८० ग्रामचे तीन पाऊच खाल्ले तर ओलावा ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे १९० मिली पाणी खाण्यातूनच पोटात गेलं, वाटीकडे बघितलंही नाही तरी चालतंय. ड्राय खाणारं मांजर जास्त पाणी पितं हे खरंय, पण ती सगळी तूट भरून काढण्याइतकं बहुतेक मांजरं पीत नाहीत, एकूण पाणी कमीच पडतं आणि लघवी घट्ट होते. क्लिनिकमध्ये रिफ्रॅक्टोमीटर या लघवीचा घट्टपणा मोजायच्या छोट्या उपकरणावर थेंब टाकला की हे लगेच दिसतं, त्याला काही मोठं मशीन लागत नाही.

घट्ट लघवीचं काय बिघडतं? रोज काही बिघडत नाही, आणि सगळ्यांचं बिघडतही नाही, हे आधी सांगतो कारण नाहीतर लोक घाबरून जातात. पण बोक्याची मूत्रनळी पुढे जाऊन फार निमुळती होते, आणि तिथे खडे, खड्यांचा चुरा किंवा नुसता चिकट गोळा अडकला की लघवी बंद. एक काका एकदा बोका घेऊन आले, म्हणाले डॉक्टर याला शी होत नाहीये, दोन दिवस शी-लघवीच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय, मी एरंडेल पाजलं. पोटाला हात लावला तर मूत्राशय मोसंब्याएवढं आणि दगडासारखं कडक. शीचा प्रश्नच नव्हता, लघवी तुंबलेली होती, रक्तात पोटॅशियम चढलेलं आणि हृदयाचे ठोके मंदावलेले. कॅथेटर घालून, सलाईन लावून वाचला तो, पण अजून एक रात्र गेली असती तर वाचला नसता. म्हणून हे वाक्य लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: बोका सारखा ट्रेमध्ये जातोय, कुंथतोय, ओरडतोय आणि ट्रेमध्ये काही दिसत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं.

आता इथे मैत्रिणीसारखे लोक लगेच म्हणतात, बघा ड्रायमुळे झालं. तसं नाही म्हणता येत. तरुण मांजरांच्या लघवीच्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त वेळा खडा वगैरे काही सापडतच नाही, मूत्राशयाला सूज असते आणि त्यामागे ताण असतो. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, दिवाळीत फटाके वाजले, नवीन मांजर आणलं, रंगारी चार दिवस घरात होते, असं काहीतरी. माझ्याकडे सणांनंतर अशा केसेस वाढतात हे मी दरवर्षी बघतोय. खडे असतील तर त्यातही दोन मुख्य प्रकार, स्ट्रुव्हाइट हे खास डाएटने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. पण या तिन्हींमध्ये एक गोष्ट कॉमन आहे, लघवी पातळ ठेवली तर फायदा होतो. आणि पातळ ठेवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ओलं खाणं. तुमचा बोका नर, नसबंदी झालेला, जाड, घरातच राहणारा आणि फक्त ड्राय खाणारा, या त्रासासाठी आम्ही ज्या गोष्टी विचारतो त्यातल्या जवळपास सगळ्या त्याच्यात आहेत. म्हणून मी वेटच्या बाजूने झुकतोय, ड्राय विष आहे म्हणून नाही.

दुसरी गोष्ट वजन. ड्राय फूड १०० ग्रामला साधारण ३५० ते ४०० कॅलरी देतं, वेट ७० ते १००. म्हणजे मूठभर ड्राय हे दिसायला काहीच नाही पण बिस्किटाच्या पुड्यासारखं असतं, संपतं कधी कळत नाही. ४ किलोच्या नसबंदी झालेल्या घरबशा मांजराला दिवसाला २०० ते २४० कॅलरी पुरतात, म्हणजे ५५-६० ग्राम ड्राय, बस. एकदा किचनच्या वजनकाट्यावर ५५ ग्राम काढून बघा, बहुतेक लोक म्हणतात एवढंसंच? हो, एवढंसंच. तुमचा बाऊल दिवसभर भरलेला असतो म्हणता, मी अंदाज सांगतो, तो रोज ९०-१०० ग्राम खातोय आणि फ्लॅटमध्ये त्याला करायला काम काय आहे, खिडकीतल्या कबुतरांवर नजर ठेवणं. नसबंदीनंतर भूक वाढते आणि कॅलरींचा खर्च कमी होतो, हे ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी सांगायला हवं आणि आम्ही बरेचदा टाके कधी काढायचे एवढंच सांगतो, ती आमची चूक.

वेटमध्ये पोट पाण्याने भरतं त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत मांजर जास्त समाधानी दिसतं. पण वेट दिलं म्हणून मांजर बारीक होतं असंही नाही हं, चार पाऊच वर आणि भरलेला बाऊल शेजारी, असं करणारे लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात डॉक्टर वेट चालू केलं तरी वजन वाढतंय. अहो वाढणारच.

कार्बोहायड्रेटचं थोडं सांगतो कारण त्यावर भांडणं फार होतात. ड्राय फूडचे ते छोटे तुकडे ज्या पद्धतीने बनतात तिला एक्स्ट्रुजन म्हणतात, आपल्या कुरकुऱ्यांसारखंच, पीठ-मांस-फॅट यांचं मिश्रण दाबाखाली गरम करून साच्यातून बाहेर फेकायचं की ते फुलतं. अमेरिकेत १९५० च्या दशकात प्राण्यांच्या खाण्यात हे आलं. आता हे फुलून एकत्र राहायला स्टार्च लागतोच, तांदूळ, मका, गहू, बटाटा, वाटाणा, काहीतरी. म्हणून ग्रेन-फ्री लिहिलेलं ड्राय घेतलं म्हणजे कार्ब नाही असं समजू नका, धान्य काढून बटाटा किंवा डाळ घातलेली असते. मांजर शिजवलेला स्टार्च पचवतं, त्याने लगेच काही होत नाही. पण त्याची गरज शून्य आहे, आणि गोड चव तर त्याला कळतच नाही, गोडाचं जे रिसेप्टर असतं त्यातलं एक जीन मांजरांमध्ये बंद पडलेलं आहे, हे २००५ मध्ये सापडलं. म्हणजे तुमच्या श्रीखंडावर जे मांजर तुटून पडतं ते त्यातल्या स्निग्धतेवर, साखरेवर नाही. मधुमेही मांजराला मात्र कमी कार्बचं वेट फूड हे औषधाइतकंच महत्त्वाचं, काहींची इन्सुलिनची इंजेक्शनं त्याने बंदही करता येतात. पण इन्सुलिन चालू असताना स्वतःच्या मनाने खाणं बदलायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा, कारण कार्ब कमी झाले आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाते आणि मांजर फिट येऊन पडतं.

लेबल कसं वाचायचं ते बघा, यात पेट शॉपवालेसुद्धा फसतात. ड्रायच्या पिशवीवर प्रोटीन ३२ टक्के लिहिलंय, पाऊचवर साडेआठ टक्के. माणूस म्हणतो अरे पाऊचमध्ये काहीच नाही, नुसतं पाणी. पाणी बाजूला काढून तुलना करा. पाऊचमध्ये ओलावा ८३ टक्के, म्हणजे कोरडा भाग १७, त्यातले साडेआठ प्रोटीन, म्हणजे ५० टक्के. ड्रायमध्ये ओलावा १० टक्के, कोरडा भाग ९०, त्यातले ३२, म्हणजे साधारण ३५ टक्के. उलटं निघालं ना? आणि कार्ब बरेचदा लिहिलेलेच नसतात, ते वजाबाकीने काढायचे, १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख वजा करा, राख लिहिली नसेल तर ड्रायसाठी ७-८ धरा, उरलेले कार्ब. वर सांगितलेल्या ड्रायचे बहुतेक ३५ च्या आसपास निघतील.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाकिटावर कम्प्लीट अँड बॅलन्स्ड किंवा कम्प्लीट फूड लिहिलंय का, आणि कुठल्या वयासाठी. आफको (AAFCO, अमेरिकेतली) किंवा फेडियाफ (FEDIAF, युरोपातली) या प्राण्यांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या दोन संस्थांचा उल्लेख असतो तो बघा. हे मी वेटच्या बाबतीत मुद्दाम सांगतोय कारण बाजारात दिसायला झकास असे बरेच डबे येतात, नुसते टूनाचे किंवा चिकनचे धागे रश्श्यात, आणि मागे बारीक अक्षरात कॉम्प्लिमेंटरी लिहिलेलं असतं. ते पूर्ण जेवण नाही, ते तोंडी लावणं आहे. त्या चाटायच्या क्रीमच्या स्टिक पण तशाच, लोणच्यासारख्या. एक ताई सहा महिने त्यावरच मांजर ठेवून होत्या कारण दुसरं काही खात नाही म्हणून. आणि कुत्र्याचं फूड मांजराला नाही, घरात दोन्ही असले तरी नाही.

कारण काय तर टॉरिन. हे एक अमिनो आम्ल आहे, कुत्रा सहसा स्वतः बनवतो, मांजराला पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. याची गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत चांगल्या घरातली, चांगलं विकतचं फूड खाणारी मांजरं हृदय मोठं आणि ढिलं होऊन मरायची आणि कारण कळत नव्हतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्या रक्तात टॉरिन कमी आहे आणि ते दिलं की हृदय पूर्ववत होतं. ते फूड तेव्हाच्या निकषांत बसणारं होतं, निकषच अपुरा होता! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळपास गायब झाला. त्यातही गंमत अशी की डब्यातल्या ओल्या खाण्यात कोरड्याच्या दुप्पट टॉरिन लागतं, आफकोचा किमान आकडा कोरड्या भागावर ड्रायला ०.१ टक्का आणि डब्याला ०.२, कारण डब्यातली प्रक्रिया आणि आतड्यातले जंतू मिळून त्यातलं बरंच वाया घालवतात. म्हणून कम्प्लीट लिहिलेलं असणं हा नुसता शिक्का नाही.

दातांचं आता. मी स्वतः पहिली सात-आठ वर्षं लोकांना सांगायचो की ड्राय द्या, घासून दात साफ होतात. कॉलेजात कुणीतरी सांगितलं आणि मी पुढे ढकललं. मग भूल देऊन मांजरांचे दात साफ करायला लागलो तेव्हा बघितलं, आयुष्यभर ड्राय खाल्लेल्यांच्या दाढांवर पण तेवढंच कीटण. नंतर नीट लक्ष देऊन बघा, मांजर ते छोटे तुकडे चावतच नाही, एकदा कडकन् करतं किंवा अख्खे गिळतं, उलटी झाली की अख्खे बाहेर येतात की. दातांसाठी खास बनवलेलं मोठ्या, न फुटणाऱ्या तुकड्यांचं फूड असतं त्याचा उपयोग होतो, पण साध्या ड्रायने दात घासले जातात हे म्हणजे चकली खाऊन ब्रश केल्यासारखं आहे. तर पेट शॉपवाल्याचा मुद्दा इथे संपला.

पण त्याची बाजू पूर्ण टाकून देऊ नका. ड्रायचे फायदे खरे आहेत. तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडता, सातला येता, मधल्या दहा तासांत पुण्याच्या एप्रिलमध्ये वेट फूड बाहेर ठेवलं तर काय होईल सांगायला नको. तासाभरानंतर ते उचलायचं, थंडीत फार तर दोन तास. ड्राय राहतं. मांजराला दिवसातून दहा-पंधरा वेळा थोडं थोडं खायची सवय असते, ते ड्रायने जमतं. ते घरात लपवून ठेवता येतं, बाटलीला भोकं पाडून त्यात टाकता येतं म्हणजे ढकलून ढकलून मिळवेल, तेवढाच व्यायाम. आणि पैसे. पाऊच साधारण चाळीस-पन्नास रुपयांना पडतो, दिवसाला तीन म्हणजे महिन्याचे चार हजारांच्या आसपास, तेच ड्रायवर हजाराच्या आत भागू शकतं. ज्यांच्या घरात चार वाचवलेली मांजरं आहेत आणि खाली सोसायटीतली सहा, त्यांना फक्त वेट द्या म्हणून सांगणारा डॉक्टर मला पटत नाही. कम्प्लीट असलेलं ड्राय मोजून द्या, तीन ठिकाणी पाणी ठेवा, मांजर तब्येतीने छान राहू शकतं. मी अशी सतरा-अठरा वर्षांची मांजरं बघितलीत.

एक मात्र, सुटं ड्राय घेऊ नका. दुकानात मोठी पोती उघडून किलोवर विकतात, ते कधी उघडलं माहीत नाही, फॅट हवेला लागून खवट होतं, पावसाळ्यात ओल धरतं, बुरशी येते. कोकणात आणि गोव्यात तर जूनपासून हे फारच. छोटी सीलबंद पिशवी घ्या, महिना-दीड महिन्यात संपेल अशी, आणि पिशवीसकट हवाबंद डब्यात ठेवा. मुंग्यांसाठी बाऊल पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, ही आज्जीची युक्ती अजून कुणी सुधारू शकलेलं नाही.

आज्जीवरून सासूबाई. वाड्यातली ती मांजरं दूध-पोळीवर जगत नव्हती, ती माळ्यावरच्या उंदरांवर, पालींवर आणि चिमण्यांवर जगत होती, दूध-पोळी म्हणजे वरचा खाऊ. आणि जी तीन वर्षांत गेली ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पंधरा वर्षं जगलेली एक राहते. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठून येणार? हे त्यांना सांगताना माझं नाव सांगा, तुमच्या तोंडून नको.

घरचं खाणं म्हणून उकडलेलं चिकन देणारे पण खूप. वरून चमचाभर म्हणून उत्तम आहे, पण तेवढ्यावरच ठेवलं तर पिल्लांची हाडं वाकतात, सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला अशी पिल्लं येतात, एक्स-रेमध्ये हाडं काचेसारखी दिसतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, एकास पंधरा-वीस असं प्रमाण, मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. नुसत्या माशांवर ठेवायचं पण नाही, तारली-बांगड्यासारखे तेलकट मासे रोज आणि ई जीवनसत्त्व कमी, की अंगातली चरबी सुजते, मांजराला हात लावला तरी ओरडतं. सुकट-बोंबील खारवलेलं असेल तर ते आणखी वेगळं. रश्श्यातलं मटण काढून द्यायचं नाही कारण कांदा-लसूण, त्याने रक्ताच्या पेशी फुटतात. आणि दही-भात खाऊन जगणारं मांजर ही तर पुण्याचीच खासियत. पूर्ण शाकाहारी घरांतले लोक मला हळू आवाजात विचारतात, डॉक्टर, व्हेज काही नाही का हो. मी सांगतो, नाही. अ जीवनसत्त्व त्याला गाजरातून बनवता येत नाही, तयारच लागतं, टॉरिनचं वर सांगितलंच. पण त्यांच्यासाठी पाऊच फार सोयीचा पडतो, शिजवायचं नाही, वेगळी ताटली बाल्कनीत, वेगळा चमचा, झालं. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी स्वतः कधी अंडं खाल्लेलं नाही, पण रोज नाक दाबून पाऊच फोडतात आणि वर मला सांगतात की याला सॅल्मनपेक्षा टूना जास्त मानवतो.

आता तुमच्या बोक्याचं प्रत्यक्षात कसं करायचं. त्याचं योग्य वजन ४.८ किलोच्या आसपास धरतो, हात लावून बघितल्याशिवाय पक्कं नाही. वजन उतरवायचंय म्हणून एरवीपेक्षा कमी, दिवसाला १८०-१९० कॅलरी. ८० ग्रामचे दोन पाऊच, एक सकाळी एक रात्री, म्हणजे १३० च्या आसपास, आणि वर १५ ग्राम ड्राय तुम्ही ऑफिसला जाताना घरात तीन ठिकाणी लपवून. पाऊचच्या पाकिटावर कॅलरी असतात त्या बघून थोडं इकडेतिकडे करा. आठवड्याला ३० ते ६० ग्राम वजन उतरलं पाहिजे, त्याहून जास्त नको, म्हणजे एक किलो जायला चार ते आठ महिने लागतील. बाथरूमच्या काट्यावर एवढा फरक दिसत नाही, दर पंधरा दिवसांनी क्लिनिकमध्ये आणून वजन करा, त्याचे सहसा कुणी पैसे घेत नाही.

पण हे उद्यापासून नाही! लहानपणापासून ड्राय खाणाऱ्या मांजराला पाऊच दाखवला तर तो वास घेतो आणि शी पुरल्यासारखी जमीन उकरून निघून जातो. लोक म्हणतात भूक लागली की खाईल. कुत्रा खाईल, मांजर नाही खाणार, आणि जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात, मग नळीने खायला घालायची वेळ येते. त्यामुळे उपासमार हा उपाय नाही. २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर मागे फिरा, जुनं द्या.

पहिला आठवडा फक्त एवढंच करा की बाऊल भरून ठेवणं बंद, तेच ड्राय मोजून दिवसातून तीन-चार वेळा, अर्ध्या तासाने उचलायचं. त्याला जेवायची वेळ कळू दे. दुसऱ्या आठवड्यात शेजारी वेगळ्या चपट्या ताटलीत चमचाभर वेट, खाल्लं तर ठीक, नाही खाल्लं तर काही न बोलता उचलायचं. पाऊच कोमट करा, गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवला की वास सुटतो, फ्रीजमधलं थंडगार मांजर खात नाही. वर ड्रायचा चुरा भुरभुरवा, शेंगदाण्याचं कूट टाकतो तसा. ग्रेव्ही नाही खाल्ली तर जेली, जेली नाही तर पॅटे म्हणजे मऊ लगदा, कुठलं तरी एक जमतं. मग हळूहळू वेट वाढवा, ड्राय कमी. काही मांजरं दहा दिवसांत बदलतात, काहींना दोन महिने लागतात. माझ्या घरच्या भाटीला पाच महिने लागले आणि मी डॉक्टर आहे याचा तिच्यावर काहीही परिणाम झाला नाही. आणि अगदीच नाही जमलं तर ड्रायमध्येच कोमट पाणी घालून द्या, तेही अर्ध्या-एक तासात उचलायचं, कारण भिजलेलं ड्राय पटकन आंबतं. नवीन पिल्लू आणलंत कधी तर पहिल्या सहा महिन्यांतच दोन्ही प्रकार खायला शिकवा, पुढची ही सगळी कसरत वाचते.

पाण्याची भांडी रुंद घ्या, स्टीलचं किंवा चिनी मातीचं, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब ठेवा, दोन-तीन खोल्यांत. काहींना वाहतं पाणी आवडतं, काहींना बादलीतलं, त्यांची लहर.

उघडलेला पाऊच किंवा डबा झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस, त्याहून जास्त नाही.

आणि ट्रेवर लक्ष ठेवा, ते फुकटचं निदान आहे. क्लम्पिंग लिटर, म्हणजे ओली झाली की गोळा होणारी ट्रेमधली माती, असेल तर रोज लघवीचे किती गोळे आणि केवढे, हे मनात धरा. वेट वाढवल्यावर गोळे मोठे झाले पाहिजेत, पाऊच नीट जातोय हे त्यातून कळतं. छोटे छोटे आणि खूप झाले तर दाखवायला या. उलट काहीच न बदलता एकदम गोळे प्रचंड मोठे व्हायला लागले, पाणी खूप प्यायला लागलं, तर ते कौतुकाचं नाही, विशेषतः सात-आठ वर्षांपुढच्या मांजरात, मूत्रपिंड किंवा साखर तपासायची. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंच काम गेलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास निघाला तर कमी फॉस्फरसचं खास फूड लागतं आणि तिथे मी ड्राय-वेट वाद घालतच नाही, त्यातलं जे खाईल ते.

बदल सुरू करायच्या आधी एकदा त्याची लघवी तपासून घ्या म्हणजे आत्ता कुठे आहोत ते कळेल. ट्रेमध्ये लिटरऐवजी धुतलेले, वाळवलेले मत्स्यालयातले खडे टाका, सकाळची लघवी सिरिंजने ओढा आणि तासाभरात लॅबला पोचवा. फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी नेऊ नका, थंड झाली की त्यात नसलेले क्रिस्टल तयार होतात आणि मग रिपोर्ट बघून तुम्ही उगाच रात्रभर जागाल.